चौदा दिवसांचा कोर्स

जळजळ वर्षभर होती आणि घरात दोष शेंगाचटणीवर होता. एंडोस्कोपीत लहान आतड्याच्या सुरुवातीलाच व्रण दिसला. जठराच्या अस्तराचा शितभर तुकडा डॉक्टरांनी पिवळ्या किटवर ठेवला. थोड्या वेळात पिवळ्याचं गुलाबी झालं. ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी,’ ते म्हणाले. व्रण करणारा हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो, त्यानेच किट गुलाबी होतो, आणि त्याच्या आडोशाने जठराच्या आम्लातही तग धरतो.

औषध लिहिण्याआधी त्यांनी विचारलं, घशासाठी ॲझिथ्रोमायसिन कितीदा घेतलंत? मी हसलोच. आमच्याकडे घसा धरला की तीन गोळ्यांचं पाकीट मेडिकलमधून आणायचं, हा रिवाजच. जंतू त्या गटाला सरावलेला असू शकतो, म्हणून त्याच गटातलं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मग त्यांनी टाळलं. टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल, बिस्मथ आणि जेवणाआधी अर्धा तास आम्ल कमी करणारी गोळी, असं चौदा दिवसांचं लिहून दिलं.

मेडिकलवाले काका म्हणाले, ‘एवढं कशाला ओ? सात दिवसांचा तयार किट येतो की.’ तसा किट असतो, खरंय. पण पूर्वीच्या तिहेरी औषधांच्या (दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी) चाचण्या २०१३मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा सात दिवसांत सुमारे ७३ टक्के रुग्णांतला जंतू गेला होता, चौदा दिवसांत ८२ टक्के. जंतू जठराच्या चिकट थरात दडून बसतो, तिथे औषध पोचायला आणि पुरायला वेळ लागतो. शिवाय अर्धवट मारलेला जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो.

पहिल्या आठवड्यातच दुखणं थांबलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. तोंडात सतत तांब्याचा पैसा चघळल्यासारखी चव. शौच काळी झाली. बिस्मथने होते हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर रक्तस्राव समजून धावलो असतो. टेट्रासायक्लिन दुधासोबत चालत नाही, त्यामुळे सकाळचा चहा दोन तास पुढे गेला. आई म्हणायची, ‘बरं वाटतंय ना, मग बंद कर की रे.’ दारूवर बंदी होती, ते मला जड गेलं नाही. चहाचं गेलं.

कोर्स संपला म्हणजे सुटलो असं नाही. जंतू गेला का ते किमान चार आठवड्यांनी तपासायचं, आणि त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळीही बंद, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. त्या पंधरवड्यात जळजळ परत आली. धास्तावून फोन केला. गोळी थांबली की आम्ल काही दिवस उसळतं, असं कळलं.

लॅबमधला मुलगा रक्तच घ्यायला निघाला होता. पण रक्तातल्या अँटिबॉडी जंतू गेल्यावरही कित्येक महिने टिकतात, म्हणून मी शौचाच्या अँटिजेन तपासणीची, म्हणजे शौचात जंतूचेच अंश शोधायची, चिठ्ठी पुढे केली. डबी घेऊन घरी आलो, दुसऱ्या दिवशी नमुना दिला. निगेटिव्ह आला.