मंगळावर फोन लागत नाही

जर्मनीतल्या नातवंडांना लातूरहून फोनवर विज्ञानकथा वाचून दाखवायची, तर पहिली अडचण वेळेची. जर्मनीतली संध्याकाळ आणि लातूरची निजायची वेळ नेमक्या एकमेकींवर येतात. उन्हाळ्यात इथलं घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असतं. इथले सहा म्हणजे तुमचे साडेनऊ, तोवर गोष्ट ऐकवायला जमतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे घेतात आणि तेच सहा तुमचे साडेदहा होतात. मग मार्चअखेरपर्यंत आज्जी पेंगत वाचतात आणि नातवाला गोष्टच कंटाळवाणी वाटते.

वेळेपेक्षा मोठी अडचण हुंकाराची. आपल्याकडे ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणायचं असतं. कॉल स्पीकरवर असला की फोन प्रतिध्वनी दाबायला बघतो, आणि दोघं एकदम बोलले की एकाचा आवाज कापला जातो. नातीनं 'हं' म्हटलं की आजोबांचं अर्धं वाक्य गेलं. गप्पांमध्ये ते खपतं. विज्ञानकथेत मात्र कारण सांगणारं वाक्य निसटलं की पुढचं सगळं जादूटोणा वाटायला लागतं. दोन्हीकडे वायरचे इअरफोन लावले तर त्रास बराच कमी होतो.

तरी माझं मत पक्कं आहे: गोष्ट कॉलवर वाचू नका, आवाज रेकॉर्ड करून पाठवा. मंगळावर माणसं राहायला गेली तर त्यांनाही हेच करावं लागेल. इथून निघालेला शब्द तिथं पोचायला ग्रहांच्या अंतराप्रमाणे 3 ते 22 मिनिटं लागतात. फोनवर गप्पा होणारच नाहीत, बोलकी पत्रंच जातील. पोरांना हे सांगितलं की उशिराची चिडचिड जाते आणि वाट बघण्यातच गोष्ट सुरू होते.

रेकॉर्डिंगला फरशी घातलेला रिकामा हॉल नको, आवाज घुमतो. गाद्या-गोधड्यांच्या उतरंडीजवळ बसा. माळवदाचं जुनं घर असेल तर उत्तमच, मातीच्या जाड भिंतींमुळे आवाज फारसा घुमत नाही. पंखा बंद हवा. मे महिन्यात दुपारी ते शक्य नाही, म्हणून पहाटे सहाला वाचा. फोन तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला धरा. थेट समोर धरला तर 'फ' आणि 'भ' फुटतात. मिनिटाला 110-120 शब्द ही गती बरी. सहा मिनिटांत साधारण सातशे शब्द होतात, तेवढाच एक भाग करा. लांब भाग मुलं अर्ध्यात सोडतात.

फायलींना 01, 02 असे आकडे द्या. नुसतं 1, 2 लिहिलं तर पुष्कळदा 1 नंतर थेट 10 येतो आणि शेवट आधीच कळतो. मेमरी भरली म्हणून फोन रिकामा करताना हे भाग पुसले जातात, तेव्हा एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. आणि हे घरातच राहू द्या. दुसऱ्याची कथा यूट्यूबवर टाकायला लेखकाची परवानगी लागते.

वाचायच्या आधी पाच शब्द सांगा, जास्त नाही. इकडच्या मुलाला 'ब्लॅक होल' माहीत असतं, 'कृष्णविवर' नाही. आज्जींचं बरोबर उलटं. त्या शब्दाबरोबर जयंत नारळीकरांची हकिकत जरूर सांगा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली. जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली! मुलं लगेच स्वतःचं टोपणनाव शोधायला लागतात आणि तिथून लिहायला बसवणं सोपं जातं.

लिहिण्यासाठी विषय मराठवाड्यातच आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. काटकोनात 4-4 किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून फिरणारे लेझरचे किरण. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशाला ताणत-दाबत जाणारा तरंग, आली की भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या (अणूच्या गाभ्यातल्या कणाच्या) व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो, आणि तो मोजायचा. पोराचा पहिला प्रश्न ठरलेला: जवळून ट्रॅक्टर गेला तर? उत्तर त्यालाच शोधू द्या. लहर खरी असेल तर अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनाही काही मिलिसेकंदांच्या फरकानं ती कळेल; औंढ्याच्या ट्रॅक्टरनं अमेरिका हलत नाही.

कथेचा नियम एकच ठेवा: एकच गोष्ट खोटी, बाकी सगळं खरं. यंत्र खरं, गाव खरं, आज्जींचं 'काय करायलास रे?' खरं, फक्त आलेली लहर कुणीतरी मुद्दाम पाठवलेली. दोन-तीन खोट्या गोष्टी घातल्या की मुलाला अडचणीतून सुटायला दर वेळी नवं यंत्र लागतं आणि कथा कोसळते.

टाइप करताना हिंदी कीबोर्ड घेऊ नका. त्यावर 'ऱ' पटकन सापडत नाही, मग 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. मराठी इनस्क्रिप्टमध्ये (कीबोर्डवरच्या अक्षरांची एक मांडणी) शिफ्ट आणि जे दाबलं की 'ऱ', शिफ्ट आणि एन दाबलं की 'ळ'. गावातल्या डीटीपीवाल्याकडून कथा टाइप करून घेतलीत तर युनिकोडमध्येच मागा, म्हणजे ती कुठल्याही फोनवर वाचता येते. जुन्या फॉन्टमधली फाइल इकडं उघडली की नुसती चिन्हं दिसतात. तशीच फाइल हाती असेल तर त्याच्याकडूनच पीडीएफ करून पाठवा.