नऊ पेन्सिली दिल्या, आठ परत आल्या

शनिवार, रात्री उशिरा

पिशवी रिकामी केली. नमुने पुसून आत ठेवले, कॅटलॉग मोजले, पेन्सिली मोजल्या. ९ दिल्या होत्या, ८ आल्या. एक कोणाच्या तरी पर्समध्ये यादीसकट घरी गेली असणार. मला त्याचा आनंदच झाला.

आज एकीच्या घरी स्वयंपाकघरातल्या डब्या-वस्तूंचा डेमो घेतला, पाहुण्या बोलावून करतात तशी पार्टीच. ऑर्डर गेल्या वेळेपेक्षा कमी झाली. तरी मन समाधानात आहे. पाहुण्यांना काय हवंय हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात राहावं, यासाठी मी वर्षभर काही ना काही करून पाहत होते, आणि आज ते बऱ्यापैकी जमलं. झोप यायच्या आधी लिहून ठेवते.

घरी डेमो घेणाऱ्या प्रत्येकीने हे पाहिलेलं असतं. तासभर वस्तू हातोहात फिरतात. "अगं, मला अगदी असंच हवं होतं" हे वाक्य चार कोपऱ्यांतून येतं. मग डेमो संपतो, गप्पा रंगतात, आणि अर्ध्या तासाने ऑर्डर फॉर्म पुढे केला की सगळ्या एकमेकींकडे बघायला लागतात. "ते काय होतं गं, निळ्या झाकणाचं?" निळ्या झाकणाच्या तर चार वस्तू होत्या! मग कॅटलॉगची पानं मागेपुढे होतात, शेजारणीने काय घेतलं ते विचारलं जातं, आणि शेवटी जे समोर टेबलावर उरलेलं असतं तेच लिहिलं जातं. पैसे जातात आणि हवी असलेली वस्तू मात्र घरी येत नाही.

मध्यंतरी जुन्या ऑर्डर वह्या घेऊन बसले होते. वस्तू दाखवायचा माझा क्रम ठरलेला असायचा, त्यामुळे एक गोष्ट चटकन दिसली. पहिल्या दोन-तीन वस्तूंच्या ऑर्डरी भरपूर, मधल्यांच्या नावापुरत्या. किसणी माझी कायम सातवी-आठवी, आणि ती कधीच खपायची नाही. मला वाटायचं लोकांना ती आवडत नाही. एकदा सहज तिच्यापासूनच सुरुवात केली, तर सहा जणींनी मागितली. किसणी तीच होती, फक्त तिची जागा बदलली होती.

स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांना हे कधीचं ठाऊक आहे. बेनेट मर्डॉक यांनी १९६२ साली लोकांना १० ते ४० शब्दांच्या याद्या ऐकवल्या आणि आठवतील तसे शब्द सांगायला लावले. सुरुवातीचे शब्द आठवले, शेवटचे तर फारच छान आठवले, मधले गळाले. पुढे १९६६ मध्ये ग्लँझर आणि कुनिट्झ यांनी यादी संपल्यावर लोकांना ३० सेकंद आकडे मोजायला लावले, आणि शेवटच्या शब्दांचा तो फायदाही नाहीसा झाला. हे वाचलं तेव्हा मला माझी बैठकीची खोली दिसली. तिथे ३० सेकंद पुरले, आमच्याकडे डेमो आणि ऑर्डर यांच्यामध्ये अर्ध्या तासाच्या गप्पा! मी शेवटी जे मन लावून दाखवते ते त्या गप्पांमध्ये वाहून जात होतं. त्यात पाहुण्यांची काही चूक नव्हती.

या धंद्याचा पायाच मुळी दाखवण्यावर घातलेला आहे. टपरवेअरचे डबे सुरुवातीला दुकानांत मांडून ठेवले तरी हवे तसे उठत नव्हते, कारण झाकण कसं बसवायचं आणि कड उचलून आतली हवा कशी काढायची हे कोणी करून दाखवल्याशिवाय कळत नव्हतं. १९५१ मध्ये टपरवेअर काढणाऱ्या अर्ल टपर यांनी दुकानांतली विक्री थांबवून सगळी भिस्त घरगुती पार्ट्यांवर ठेवली आणि ते काम घरगुती पार्ट्यांतून डबे विकणाऱ्या ब्राउनी वाइज यांच्या हाती दिलं. वाइज पाणी भरून झाकण लावलेला वाडगा भर खोलीत एखाद्या पाहुणीकडे फेकायच्या. १९५४ साली 'बिझनेस वीक' या अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या, त्या जागेवर येणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणून. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. तो फेकलेला वाडगा पाहणारी बाई जन्मभर विसरणार नाही. पण त्या वाडग्याचं माप काय होतं, आणि आपल्या फळीवर तो मावेल का, हे तिला घरी जाईपर्यंत तरी आठवावं यासाठी फेकण्याच्या कसबाचा उपयोग नाही. त्यासाठी कागद लागतो.

मी कागदापर्यंत आले ते एका काकूंमुळे. डेमो चालू असताना त्या मला म्हणाल्या होत्या, "माझी फळी बुटकी आहे, मला लहानच लागेल." मी हो म्हटलं आणि पुढची वस्तू उचलली. ऑर्डरच्या वेळी त्यांना "तो वाफ जायला भोक असलेला डबा" एवढंच आठवत होतं, मलाही तेवढंच. आम्ही दोघींनी मिळून मोठं माप लिहिलं. डबा फळीत मावला नाही. काकूंनी मला एका शब्दाने दुखावलं नाही, परत करते म्हणाल्या नाहीत. त्या महिनाभर तो जमिनीवर ठेवून वापरत होत्या हे मला यजमानीणबाईंकडून कळलं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून दिला. त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी ऐकूनही धरून ठेवलं नाही, ही रुखरुख अजून जात नाही.

पहिला कागद केला तो नुसता कोरा. आल्या आल्या प्रत्येकीच्या हातात कागद आणि पेन दिलं. कोणी काही लिहिलं नाही. मला वाईट वाटलं, पण कारण साधं होतं. सोफ्यावर बसून मांडीवरच्या कागदावर लिहिता येत नाही, तो भोसकला जातो. मग पुठ्ठे कापून आणले, चिमटे लावले. पेन काढून पेन्सिल ठेवली, कारण पेनने लिहिलेलं ठरल्यासारखं वाटतं आणि पेन्सिलीने लिहिलेलं खोडता येतं. हा फरक मला आधी खरा वाटला नव्हता. पेन्सिल आल्यापासून बायका मोकळेपणाने लिहितात, मग मोकळेपणाने खोडतात.

त्यानंतरची अडचण नावांची. वस्तूंची कंपनीने ठेवलेली नावं लांबलचक, ती लिहीपर्यंत दोन वस्तू पुढे जातात. आता प्रत्येक नमुन्याच्या बुडाला मी क्रमांक चिकटवते, आणि तोच क्रमांक कॅटलॉगमधल्या चित्रावर. पाहुणीने फक्त ४ किंवा ११ लिहायचं. पुढे रकाने आहेत: कोणतं माप, कुठला रंग, कोणासाठी, कुठे ठेवणार. तो "कुठे ठेवणार" काकूंचा रकाना आहे. कोणी जेव्हा पेन्सिल हवेत धरून आपल्या स्वयंपाकघरातल्या फळ्या मनात मोजत बसते, तेव्हा मला थांबायला आवडतं.

थांबणं शिकायला मात्र वेळ लागला. मी बोलत असताना कोणी लिहीत नाही, माझ्याकडे बघत राहणं त्यांना सभ्यपणाचं वाटतं. म्हणून वस्तू हातात दिली की मी गप्प बसते, मनात दहा मोजते. पहिल्यांदा ती शांतता अंगावर यायची. वाटायचं, आता पार्टी थंड पडली. आता त्या शांततेत पेन्सिलींचा आवाज येतो. दाखवायच्या वस्तूही १८ वरून १२ वर आणल्या.

सगळ्यात मोठी चूक मी या याद्यांचं काय केलं त्यात होती. सुरुवातीला पार्टी संपली की मी त्या गोळा करायचे आणि दोन दिवसांनी एकेकीला फोन करायचे, "तुम्ही ७ नंबर लिहिला होता ना?" ऑर्डरी वाढल्या. मी खूश. मग एका वहिनींनी फोनवर शांतपणे सांगितलं, "मी ते माझ्यासाठी लिहिलं होतं, तुमच्यासाठी नव्हतं." त्या पुढच्या पार्टीला आल्या, पण त्यांच्या पुठ्ठ्यावरचा कागद शेवटपर्यंत कोरा राहिला. त्यांनी काही न लिहिता जे सांगितलं ते मला पुरेसं होतं. तेव्हापासून यादी पाहुणीची. ती घेऊन जाते. खाली एक छोटी चौकट आहे, "मला फोन केला तर चालेल." खूण केली असेल तर मी तेवढे क्रमांक माझ्या वहीत उतरवून घेते, नसेल तर नाही.

आणखी एक रकाना मी बराच विचार करून घातला: "आज / नंतर / नुसतं आवडलं." घरच्या पार्टीत एक दडपण असतं आणि ते आपण विकणाऱ्यांनी मान्य केलं पाहिजे. जिच्या घरी बसलोय तिला ऑर्डरच्या रकमेवर भेटवस्तू मिळते हे सगळ्यांना माहीत असतं. काहीच न घेता उठायचं कसं, या संकोचापायी घेतलेल्या कितीतरी वस्तू कुठल्या कुठल्या माळ्यांवर पडल्या असतील. "नंतर" असा छापील शब्द कागदावर असला की नाही म्हणायला एक जागा मिळते. आज एकीने चार वस्तूंपुढे "नुसतं आवडलं" लिहिलं आणि ऑर्डर शून्य. निघताना ती माझ्याशी इतक्या मोकळेपणाने बोलली, की ती पुन्हा येईल हे मला माहीत आहे. समजा नाही आली, तरी तिची संध्याकाळ चांगली गेली.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख असते, ती मी स्वतः घालते. घरी येऊन केलेल्या विक्रीत ग्राहकाला मन बदलायला मुदत देणारे कायदे बऱ्याच देशांत आहेत. अमेरिकेत कामाचे ३ दिवस, युरोपीय संघात १४ दिवस. कायदा असला तरी आपण काय आणि केव्हा मागवलं हे हाताशी नसेल तर तो वापरणार कसा? यादीवर तारीख आहे, क्रमांक आहे, माप आहे. वस्तू आल्यावर ताडूनही बघता येतं.

आता आजचं.

आज एक आजी होत्या, सुनेबरोबर आलेल्या. मी त्यांना पुठ्ठा दिला, त्यांनी तो बाजूला ठेवून दिला. मला वाटलं, नुसत्या सोबतीला आल्यात. पण वस्तू त्यांच्याकडे आली की त्या बराच वेळ सोडत नव्हत्या, आणि पुढची बाई हात पुढे करून बसायची. तिसऱ्या-चौथ्या वस्तूला माझं लक्ष गेलं. आजी प्रत्येक झाकण उघडून बघत होत्या. बोटं सांध्यांत वाकडी झालेली. एक झाकण दोनदा, तीनदा, मग खाली ठेवून देत.

मी जाऊन त्यांच्याजवळ बसले. "आजी, मी लिहू का तुमच्यासाठी?"

"चष्मा विसरले मी," त्या म्हणाल्या. "आणि लिहायचं काय? मला रंगबिंग काही नको. जे माझ्या बोटांनी उघडतं ते लिही."

मग मी बाकीचा डेमो त्यांच्या शेजारी बसूनच घेतला. वस्तू आधी आजींकडे, मग बाकीच्यांकडे. त्या करून बघत आणि मान हलवत, मी बरोबर किंवा फुली मारत गेले. १२ पैकी ३ उघडली. मी बाजारातलं सगळ्यात सोपं म्हणून दाखवते ते झाकण तर त्यांत नव्हतंच, ते त्यांना अजिबात जमलं नाही. मी इतकी वर्षं माझ्या बोटांनी उघडून "बघा, किती सहज" म्हणत आले आहे.

गंमत अशी, की आजींचं बघून इतर तिघी-चौघीही आपापल्या कागदावर तसंच करायला लागल्या. एकीने आईसाठी लिहिलं, एक जण म्हणाली की तिचा मनगटाचा त्रास ती कोणाला सांगत नाही. खोलीत झाकणांचे टकटक आवाज. मी गप्प.

आजींनी शेवटी एकच डबा मागवला, त्या तिघांतला लहान. बाकीच्या दोघांसमोर मी "नंतर" लिहिलं. सुनेने कागद घडी करून त्यांच्या पिशवीत ठेवला.

उद्या रविवार आहे, कागद नव्याने छापायचा. "रंग"चा रकाना अरुंद करून तिथे "हाताला जमतं का" घालते. क्रमांकही मोठे हवेत, चष्म्याशिवाय दिसतील एवढे. पेन्सिली जाड घ्यायच्या, बारीक पेन्सिल वाकड्या बोटांत टिकत नाही. ते सोपं म्हणून दाखवते ते झाकण पुन्हा स्वतः उघडून बघते, डाव्या हाताने.

सोमवारी फोन करायचे ते दोघींनाच. खूण दोघींनीच केली आहे.