न्यूयॉर्कमध्ये चायनीज खायचंय ना, मग रूम फ्लशिंगला घ्या

न्यूयॉर्कला जायचं ठरलं की सगळे आधी टाइम्स स्क्वेअरच्या आसपासची हॉटेलं बघायला लागतात, आणि नुसतं फिरायचं असेल तर त्यात चूक काही नाही. पण ज्यांना चायनीज जेवणाचं खरंच वेड आहे, म्हणजे चीनमधल्या सिचुआन प्रांताचं वेगळं, शिआन शहराचं वेगळं, दक्षिणेचं कँटोनीज वेगळं हे ज्यांना खाऊन समजून घ्यायचंय, त्यांना माझं अगदी मनापासून सांगणं आहे की रूम न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात, फ्लशिंग या चिनी वस्तीत घ्या. मॅनहॅटन बघायला ट्रेनने जा आणि जेवायला परत या.

बहुतेक लोक उलटं करतात. मॅनहॅटनला राहतात, एक दुपार काढून सात नंबरच्या ट्रेनने फ्लशिंगला येतात, समोर दिसेल तिथे जेवतात, पोट भरतं की परत जातात. एका जेवणात काय काय होणार हो? शिवाय हे जेवण दिवसभराच्या वेळांवर चालतं. सकाळी गरम सोया मिल्क आणि त्यात बुडवायला योउत्याव, म्हणजे तळलेल्या पिठाच्या लांब कुरकुरीत कांड्या, नाहीतर तांदळाची पातळ पेज. डिमसम खायचं तर सकाळपासून फार तर दुपारी तीनपर्यंत, कारण ते मुळातच सकाळच्या चहाबरोबरचं खाणं आहे. रात्री हॉटपॉट, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्शात शिजवत खायचं जेवण, आणि त्याहून उशिरा जिरं-मिरची लावून निखाऱ्यावर भाजलेलं मटण. खाली उतरून पाच मिनिटं चाललं की हे सगळं मिळणार असेल तरच त्यातलं बरंचसं खाऊन होतं, आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं खाता येतं हे सगळ्यात महत्त्वाचं.

दुसरं कारण म्हणजे यातले कितीतरी पदार्थ दहा मिनिटंसुद्धा थांबत नाहीत. शाओलोंगबावच घ्या, शांघायकडचे सूप भरलेले डंपलिंग. हाडं-कातडी उकळून केलेला रस्सा थंड करून जेलीसारखा घट्ट करतात, ती जेली सारणात मिसळून पातळ पारीत बांधतात आणि वाफवलं की जेली वितळून आत परत सूप होतं. टोपली टेबलावर आली की एकेक हलक्या हाताने उचलून चमच्यात ठेवायचा, बाजूने छोटंसं भोक पाडायचं, आधी सूप ओढून घ्यायचं आणि मग आल्याच्या कापांबरोबर काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून खायचा. हेच पार्सल करून ट्रेनने नेलं तर पारी कागदाला चिकटून फाटते, सूप डब्यात सांडतं आणि उरतो नुसता खिम्याचा गोळा. हाताने ओढलेल्या नूडल्सचंही तेच. शिआन फेमस फूड्स हे नाव आता न्यूयॉर्कभर आहे पण त्याची सुरुवात फ्लशिंगच्या गोल्डन शॉपिंग मॉलच्या तळघरातल्या एका छोट्या स्टॉलवर 2005 च्या सुमारास झाली, आणि ते स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतात की नूडल्स इथेच, लगेच खा, गार झाल्या की फुगतात आणि तेलकट लागतात. विकणाराच एवढं सांगतोय म्हटल्यावर रूम जवळ असलेली बरी, नाही का.

मॅनहॅटनचं चायनाटाउन वाईट आहे असं मी बिलकुल म्हणत नाहीये. डॉयर्स स्ट्रीटवरचं नॉम वा टी पार्लर 1920 पासून आहे, त्या अरुंद वाकड्या गल्लीत उभं राहूनच छान वाटतं. पण तो भाग मुळात ग्वांगडोंगमधून आलेल्या कँटोनीज लोकांनी वसवला आणि नंतर ईस्ट ब्रॉडवेच्या बाजूला फुजियानमधले लोक आले, त्यामुळे तिथल्या जेवणावर दक्षिणेचा हात जास्त. फ्लशिंगची गोष्ट वेगळी आहे. 1965 च्या कायद्याने अमेरिकेत स्थलांतरितांसाठी देशानुसार ठरलेले जुने कोटे गेले आणि पुढे सत्तरच्या दशकात तैवानमधून आलेली मंडळी इथे राहायला लागली, ते मँडरिन बोलणारे, मॅनहॅटनच्या कँटोनीज वस्तीत त्यांना परकंच वाटायचं. त्यांच्यामागून मग डोंगबेई म्हणजे चीनच्या ईशान्य टोकाचे, वेन्झोउचे, सिचुआनचे, शिआनकडचे असे ठिकठिकाणचे लोक येत गेले आणि प्रत्येकाने आपापलं जेवण आणलं. म्हणून मेन स्ट्रीट आणि रूझवेल्ट अव्हेन्यूच्या चौकातून कुठल्याही दिशेला थोडं चाललात तरी गव्हाचा उत्तर चीन आणि तांदळाचा दक्षिण चीन दोन्ही भेटतात. न्यू वर्ल्ड मॉलच्या तळमजल्याखालच्या फूड कोर्टात तर एका फेरीतच हे दिसतं, एकीकडे लांझोउ पद्धतीच्या नूडल्स ओढणं चाललंय, पलीकडे कोणी तुमच्यासमोर भाज्या वजन करून सिचुआनी मसाल्यात परततोय.

आता रूम कशी निवडायची. पहिली गोष्ट, हॉटेलच्या नावावर जाऊ नका. नावात फ्लशिंग किंवा जवळच्या लाग्वार्डिया विमानतळाचं नाव असतं आणि प्रत्यक्षात हॉटेल हायवेच्या कडेला नाहीतर कॉलेज पॉइंटच्या बाजूला निघतं, जिथून रात्री दहा वाजता जेवायला चालत जाणं नकोसं होतं. नकाशावर फ्लशिंग–मेन स्ट्रीट स्टेशन शोधा आणि तिथून चालत दहा मिनिटांच्या आतलंच बघा. नॉर्दर्न बुलेव्हार्डने पूर्वेला फार सरकलात तर कोरियन भाग सुरू होतो, तो फार सुंदर आहे पण आपला विषय तो नाही. टँग्रॅम मॉलच्या संकुलातच हॉटेल आहे, प्रिन्स स्ट्रीटच्या आसपासही आहेत, आणि हा सगळा पट्टा खाण्यासाठी एकदम मोक्याचा.

एअरबीएनबीचा विचार करत असाल तर न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर 2023 पासून नियम कडक आहेत, तीस दिवसांपेक्षा कमी राहायचं तर मालक त्याच घरात हजर हवा आणि पाहुणे जास्तीत जास्त दोनच. म्हणजे स्वयंपाकघर असलेला अख्खा फ्लॅट चार दिवसांसाठी घेऊ हे डोक्यातून काढा. हॉटेलच घ्यायचं आणि भाडं बघताना पावणेपंधरा टक्के टॅक्स आणि वर रात्रीचे काही डॉलर वेगळे लागतात हे धरूनच हिशोब करा. ब्रेकफास्ट धरलेला रेट घेऊ नका. बाहेर गरम सोया मिल्क मिळत असताना हॉटेलमध्ये गार मफिन कोण खाणार.

ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबरची सुरुवात शक्यतो टाळा, तेव्हा शेजारच्या फ्लशिंग मेडोजमध्ये टेनिसची यूएस ओपन असते आणि रूमचे भाव चढतात. आवाजाचं म्हणाल तर सात नंबरची ट्रेन बाकी क्वीन्समध्ये बहुतेक पुलावरून खडखडत जाते पण मेन स्ट्रीटचं शेवटचं स्टेशन जमिनीखाली आहे, तो त्रास नाही. लाँग आयलंड रेल रोड ही उपनगरी रेल्वे मात्र वरून जाते आणि विमानतळ अगदी जवळ असल्यामुळे विमानं कमी उंचीवरून उडतात, तेव्हा झोप हलकी असेल तर चेक-इनच्या वेळीच रस्त्यापासून आणि रुळांपासून लांबची रूम मागून घ्या, मागितली तर बरेचदा देतात.

आणि फ्रिज! रूममध्ये खरा फ्रिज हवा, नुसता कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचा कप्पा नको. सिचुआनी थंड पदार्थ, लसूण घातलेली ठेचलेली काकडी, रोस्ट डक, हे दुसऱ्या दिवशीसुद्धा उत्तम लागतं. नूडल्स आणि डंपलिंग मात्र ठेवू नका, ते तिथेच संपवायचे.

सिचुआनी जेवणाबद्दल एक सांगायलाच हवं. जिभेला मुंग्या आणणारी जी मिरी त्यात असते ती आपल्या तिरफळाच्याच कुळातली, म्हणून पहिल्या घासाला आपल्याला ती थोडी ओळखीची वाटते. अमेरिकेत तिच्या आयातीवर 1968 पासून बंदी होती कारण लिंबूवर्गीय झाडांचा कँकर रोग तिच्यातून येईल अशी भीती होती, 2005 मध्ये उष्णता देऊन निर्जंतुक केलेली मिरी आणायला परवानगी मिळाली. आता ती कमी-जास्त सगळीकडे मिळते, पण ताजी आणि सढळ हाताने घातलेली हवी तर जिथे सिचुआनचेच लोक जेवायला बसलेत तिथे जा. पाटीवर शेजारी शेजारी तीन उभ्या रेघा आणि त्यातली डावीकडची जरा वळलेली असं अक्षर दिसलं तर ते सिचुआनचं, हे एक अक्षर लक्षात ठेवलं तरी रस्त्यावर खूप उपयोग होतो.

सोबत शाकाहारी माणूस असेल तर घाबरू नका, फक्त विचारून घ्या. मापो टोफू (सिचुआनी तिखट टोफू) आणि सुक्या परतलेल्या फरसबीत बहुतेक वेळा खिमा असतो, नाव भाजीचं दिसलं तरी. माझी आत्या शुद्ध शाकाहारी, तिला शिआनकडची ल्यांगपी इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी "ते गार, आंबट-तिखट परत आण" म्हणाली. गव्हाच्या पिठातून धुऊन काढलेल्या स्टार्चच्या रुंद गार पट्ट्या, त्यावर मिरचीचं तेल, व्हिनेगर, काकडी, मोड आलेले मूग, आणि पीठ धुतल्यावर मागे उरलेल्या ग्लूटेनचे वाफवलेले जाळीदार तुकडे. त्या जाळीत सगळा रस शोषला जातो आणि चावला की तोंडात येतो, अक्षरशः खावं तितकं कमी.

मॅनहॅटन लांब पडेल अशी काळजी असेल तर सात नंबरने टाइम्स स्क्वेअर साधारण चाळीस मिनिटं, आणि लाँग आयलंड रेल रोडने पेन स्टेशन वीसेक मिनिटांवर, जानेवारी 2023 पासून ग्रँड सेंट्रलच्या खालीही गाड्या जातात. शहराच्या हद्दीतल्या प्रवासाला या रेल्वेचं सिटीतिकीट नावाचं स्वस्त तिकीट असतं, तेच काढा. शनिवार-रविवारी सात नंबरवर बरेचदा दुरुस्तीची कामं निघतात, तेव्हा सकाळी निघताना वेळापत्रक बघूनच निघा आणि त्या दिवशी रेल रोडच धरा, म्हणजे दिवसभर फिरूनही रात्रीच्या हॉटपॉटच्या रांगेत वेळेवर उभं राहता येईल.