पडद्यावर न आलेला पार

मोगली आमच्याकडचा, असं धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याला हसू नये. रुडयार्ड किपलिंगने 'द जंगल बुक'मधला लांडग्यांचा कळप सिवनीच्या डोंगरांत वसवला आणि सिवनीचे डोंगर म्हणजे सातपुडाच. आमच्या गच्चीवरून उत्तरेला जी निळसर रेघ दिसते, ती पूर्वेकडे चालत चालत तिथवर जाते. आमच्या बाजूचं पाणी तापीत उतरून सुरतेकडे जातं, मोगलीच्या बाजूचं वैनगंगेला मिळतं. डोंगर तोच, उतार वेगळा.

या आपल्या पोराला डिस्नेने १९६७ साली पडद्यावर आणलं. म्हणजे पोर तेच ठेवलं, त्याच्याभोवतीचं सगळं बदललं. वॉल्ट डिस्नेने आपल्या कथालेखकाच्या हातात पुस्तक दिलं आणि पहिली अट घातली ती हे पुस्तक न वाचण्याची, असं सांगतात. आधी बिल पीटने पुस्तकाच्या जवळ जाणारी, जरा काळोखी कथा बांधली होती. ती डिस्नेला रुचली नाही, दोघांचं बिनसलं आणि पीट निघून गेला. डिस्नेही चित्रपट लागायच्या आधीच, १९६६च्या डिसेंबरात वारला.

काय काय बदललं याची उजळणी सगळेच करतात, म्हणून भराभर सांगतो. पुस्तकातला 'का' नावाचा अजगर मोगलीचा पाठीराखा. माकडांनी मोगलीला पळवलं तेव्हा बालू अस्वल आणि बगीरा हा काळा बिबट्या त्यालाच शरण जातात. चित्रपटात तो डोळे फिरवून भूल घालणारा हावरट झाला. पुस्तकातल्या माकडांना राजाच नाही, तीच त्यांची शोकांतिका. चित्रपटाने त्यांना थेट ओरांगउटान राजा करून दिला, जो प्राणी आपल्या देशातल्या कुठल्याच जंगलात सापडत नाही. शेरखानचा लंगडा पाय बरा केला. आणि ज्या लांडगीणीने शेरखानला गुहेच्या तोंडाशी उभं राहून, हे पोर माझं आहे, असं ठणकावलं, ती पडद्यावर येते तशीच जाते. हे मात्र मला लागलं. पुस्तकात त्या क्षणी वाघ माघार घेतो, नुसत्या तिच्या आवाजाने.

बालूचं प्रकरण जरा निराळं. पुस्तकात तो म्हातारा मास्तर आहे. जंगलचा कायदा घोकून घेणारा, वेळप्रसंगी पंजाही उगारणारा. पडद्यावर तो पाठ खाजवत गाणी म्हणतो. परवा उन्हाळ्याच्या सुट्टीला पुण्याहून आलेला भाचा कूलरसमोर पालथा पडून हाच चित्रपट पाहत होता. शेजारी आप्पा, म्हणजे माझ्या वडिलांचे काका, बाजेवर टेकलेले. तरुणपणी बैलगाडी घेऊन बोराडीच्या पुढे डोंगरात जाणारे. मोहाची फुलं गळायच्या दिवसांत भल्या पहाटे झाडाखाली वेचायला जावं आणि आधीच अस्वल तिथे बसलेलं असावं, हा प्रकार सातपुड्यात काही गोष्टीतला नाही. तोंडाचा लचका गेलेली माणसं आप्पांनी पाहिलेली. ते चष्मा सावरत बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हाई अस्वल शे का? हाई तं तमाशामाधला सोंगाड्या दिखस!"

याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. पण सोंगाड्या वाईट असतो असं थोडंच आहे? वग तोच तर तोलून धरतो. मास्तर बालू मला आवडतो, पण भाच्याला जर आधी मास्तर भेटला असता तर तो दुसऱ्या पानावरून उठला असता. शिवाय किपलिंगनेही कुठे सातपुडा जसाच्या तसा ठेवला? त्याचा जन्म मुंबईचा, पण ही पुस्तकं त्याने लिहिली अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून. बालूला त्याने तपकिरी अस्वल म्हटलं. आपल्याकडचं अस्वल काळं, झिपरं. तेव्हा बदल केला म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. बदलताना फेकून काय दिलं, ते बघावं.

माझं भांडण तिथे आहे. लोक अस्वल आणि अजगर यांवरून वाद घालतात. मला हळहळ वाटते ती गावाची. चित्रपटाच्या शेवटी पाणी भरायला आलेली एक मुलगी दिसते, मोगली तिच्यामागून गावात जातो आणि खेळ खलास. गाव म्हणजे काय, तर तो घडा आणि ते पाणवठ्याचं गाणं. पुस्तकात खरी धमाल इथून सुरू होते.

पुस्तकातल्या त्या गावात मोठ्या झाडाखाली बांधीव पार आहे. संध्याकाळी तिथे गावचा मुखिया बसतो, चौकीदार बसतो, सगळ्या गावाची खबर असलेला न्हावी बसतो आणि जुनी बंदूक बाळगणारा शिकारी बलदेव बसतो. वरच्या फांद्यांवर माकडांची बडबड, पाराखाली नाग राहतो आणि रोज रात्री त्याला दुधाची ताटली मिळते. पोरं बाहेरच्या कडेने डोळे विस्फारून ऐकत असतात. बलदेव सांगतो, हा लंगडा वाघ खरा वाघच नव्हे. मेलेल्या पूरन दास सावकाराचं भूत त्याच्यात शिरलंय. पुरावा? दंग्यात सावकाराच्या वह्या जाळल्या तेव्हा बसलेल्या मारामुळे पूरन दास लंगडायचा, आणि वाघही लंगडतोच. पिकल्या दाढ्या माना डोलावतात. १८७५ साली पुणे-नगरकडे कुणब्यांनी सावकारांच्या वह्यांची खरोखर होळी केली होती. मला तर हे पान वाचताना आमच्या मारुतीच्या पाराचा आवाज ऐकू येतो. एकटा मोगली हसू दाबून बसलेला असतो, कारण वाघ जन्मापासून लंगडा आहे हे त्याला ठाऊक.

मग शेरखानचा निकाल. पडद्यावर वाघाच्या शेपटीला जळती फांदी बांधतात आणि तो पळून जातो. पुस्तकात मोगली गावच्या म्हशी चारायला नेणारा पोर आहे आणि वाघ मरतो तो म्हशींच्या खुरांखाली. कोरड्या घळीत शेरखान डुक्कर खाऊन, वर पोटभर पाणी पिऊन सुस्तावलेला. मोगलीचा सूड घ्यायचा असला तरी त्याच्याने उपास होत नाही! मोगली आणि म्हातारा लांडगा अकेला म्हशींच्या कळपाचे दोन भाग करतात. खालच्या तोंडाला वासरांसह म्हशी, वरच्या तोंडाकडून रेडे. मोगली राम नावाच्या रेड्यावर बसून घळीत उतरतो. दोन्हीकडच्या काठांना वेल आणि उभी भिंत, भरल्या पोटी वाघाला चढता येत नाही. ज्याने म्हशी वळल्यात त्यालाच कळेल, वासरू जवळ असलेली म्हैस काय चीज असते ते. गंमत म्हणजे चित्रपटाने त्या रेड्याचं राम हे नाव उचलून लांडग्याला देऊन टाकलंय.

भाच्याला हे सगळं मी पुस्तकातून वाचून दाखवलं. त्याला म्हशी आवडल्या, पण तो खरा अडकला पुढच्या भागात. मोगली वाघाचं कातडं सोलत असताना बलदेव येतो. कातडं कान्हीवाड्याला नेलं की सरकारकडून शंभर रुपये मिळतात हे त्याला माहीत. तो पोराला म्हणतो, त्यातला एखादा रुपया तुला देईन कदाचित. मोगली ऐकत नाही, अकेला बलदेवला आडवा पाडतो आणि बलदेव गावात जाऊन सांगतो की पोर चेटक्या आहे. ज्या गावाचा वाघ मारला, तेच गाव वेशीवर दगड घेऊन उभं राहतं. त्याला पोटच्या पोरासारखं वागवणारी मेसुआ तेवढी रडत राहते. कातडं घेऊन मोगली डोंगरात परत जातो.

"म्हणजे नव्व्याण्णव रुपये बलदेव ठेवणार होता?" भाच्याने विचारलं.

"कदाचित म्हणालाय तो," मी म्हटलं. "शंभरच धर."

"आणि सगळ्यांनी त्याचंच ऐकलं?"

आप्पांना वाटलं प्रश्न त्यांनाच आहे. बाजेवरून उठून बसत ते म्हणाले, "बलदेव काय खोटं बोलना नही. सावकार मरीसन वाघच व्हस." आणि आमच्या गावचा असा कुठला सावकार कुठल्या नाल्यात वाघ होऊन फिरायचा, ते नावानिशी सांगायला त्यांनी सुरुवात केली. त्या सावकाराचे नातू आमच्याच गल्लीत राहतात. आईने घाईघाईने ताटं वाढली.