दशावताराच्या आधी अर्धा तास

मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीचे मंडळ दरवर्षी मे महिन्यात सत्यनारायणाची महापूजा घालते आणि त्या निमित्ताने रात्री देवळासमोरच्या मांडवात कार्यक्रम होतो. तारीख ठरवताना पंचांगापेक्षा चाकरमान्यांच्या रजांकडे अधिक पाहिले जाई. कारण कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ पासून, आणि त्याआधी मुंबईहून येणारा प्रत्येक जण मुंबई-गोवा महामार्गावर रात्रभर हाडे खिळखिळी करून घेतच गावात उतरत असे. एवढा त्रास सोसून आलेल्या माणसाला कार्यक्रमही तसाच भरगच्च लागे. दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी हळदीकुंकू आणि फुगड्या, मग भजन, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, अध्यक्षांचे भाषण, लहान मुलांचे नाच आणि शेवटी उजाडेपर्यंत चालणारा दशावतार, असा क्रम ठरलेला होता. या क्रमात १९८९ पासून पुढची काही वर्षे, मुलांच्या नाचानंतर आणि दशावताराच्या आधी, अर्ध्या तासाची एक जागा आमची होती. आम्ही आपल्या रॉक बँडला एक भारदस्त इंग्रजी नाव ठेवले होते, पण मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर ते कधीही छापले गेले नाही. तिथे दरवर्षी एकच ओळ असे : ‘वाडीतील होतकरू तरुणांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद’.

हे वेड आमच्याकडे आले ते चाकरमान्यांच्या बॅगेतून. माझा मावसभाऊ गिरगावात राहत असे. मुंबईत १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला होता आणि १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला होता. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात असे कार्यक्रम ऐकून आलेला हा भाऊ मे महिन्यात गावी आला की आंब्याच्या पेट्या भरता भरता आम्हाला त्याची वर्णने ऐकवी. सोबत डीप पर्पल आणि आयर्न मेडन या इंग्लंडमधल्या रॉक बँडच्या, एकावरून दुसरी उतरवून घेतलेल्या कॅसेट असत. आमच्याकडचा टेपरेकॉर्डर बहुतेक वेळा उतरलेल्या सेलवर चालत असल्यामुळे ती गाणी आम्ही मुळापेक्षा थोडी संथ आणि थोड्या खालच्या पट्टीत शिकलो, आणि मला आजही ती तशीच अधिक बरी वाटतात.

गायक हा भाऊच होता. त्यामुळे बँड खऱ्या अर्थाने उभा राही तो फक्त मे महिन्यात. वर्षातल्या उरलेल्या काळात आम्ही तिघे जण नुसती वाद्ये सांभाळत होतो. डिसेंबरात माझ्या जुन्या शाळेच्या स्नेहसंमेलनात माजी विद्यार्थी म्हणून एखादे गाणे वाजवायला मिळे, पण तिथे मुख्याध्यापक पडद्याआड उभे राहून हाताने ‘आवरा’ अशी खूण करीत असल्यामुळे त्या वादनात काही राम नसे. मंडळाच्या मांडवात तसे नव्हते. तिथे वेळ मोजून दिलेली असे आणि त्या वेळात काय करायचे याची जबाबदारी आमची असे.

गिटार कलकत्त्याच्या गिवसन कंपनीची, म्हणजे त्या काळी आमच्यासारख्यांना परवडणारी होती. बास वाजवणारा मित्र मालवणचा, चर्चच्या गायनवृंदात शिकलेला. स्वरलिपी वाचता येणारा आमच्यातला तो एकटाच. ड्रमसेट म्हापशाच्या एका बँडवाल्याकडून भाड्याने आणावा लागे आणि तो एस.टी.च्या टपावर, नारळाच्या पोत्यांना टेकवून, येत असे. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने गिटारच्या तारा महिन्याभरात गंजून बोटांना काळे करीत. तारांचा नवा संच मुंबईहून कोणी येईल तेव्हाच मिळणार, म्हणून बासच्या जाड तारा काढून आईच्या टोपात उकळत्या पाण्यात घालायच्या, त्यांच्या वेटोळ्यांत साचलेला मळ निघाला की पुसून वाळवायच्या आणि पुन्हा चढवायच्या, असा उद्योग दर एप्रिलमध्ये चाले. तारा काही दिवस खणखणीत वाजत. त्या टोपात पुन्हा भात शिजवायला मात्र आईने साफ नकार दिला.

आवाजाची व्यवस्था मंडळाने ठरवलेल्या माइकवाल्याची होती : आहुजाचा ॲम्प्लिफायर, दोन माइक आणि माडाला बांधलेले दोन भोंगे. ही सामग्री भजनासाठी आणि भाषणासाठी केलेली. तिच्या माइकच्या जागी गिटारची पिन खुपसली की आतला संकेत इतका जोरकस होई की स्वर फाटून बाहेर पडे, आणि ज्या फाटक्या आवाजासाठी शहरातले वादक वेगळी पेडल विकत घेत, तो आम्हाला आहुजाच्या कृपेने फुकट मिळे. उलट बासच्या वाट्याला अन्याय आला. भोंग्याच्या कर्ण्यातून खालचे स्वर बाहेरच येत नाहीत. त्यामुळे मांडवाच्या पहिल्या दोन रांगा सोडल्या तर आमच्या मित्राचे वादन कोणाला ऐकूच जात नसे. त्याची आई एकदा खास मालवणहून ऐकायला आली आणि सगळे संपल्यावर तिने त्याला शांतपणे विचारले, “तुझा खय वाजता होता?” त्यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हते.

पण आमचे खरे शिक्षण झाले ते बक्षिसांमुळे. आमच्याकडे गाणे आवडले म्हणून, किंवा गाणारा अमक्याचा मुलगा म्हणून, प्रेक्षकांतून उठून पैसे देण्याची पद्धत आहे आणि ते बक्षीस त्याच क्षणी माइकवरून जाहीर व्हावे अशी देणाऱ्याची अपेक्षा असते. पहिल्या वर्षी गाणे ऐन रंगात आले असताना मंडळाचे सेक्रेटरी रंगमंचावर चढले, त्यांनी गायकाच्या हातातून माइक घेतला आणि “परळनिवासी अमुक अमुक यांजकडून होतकरू तरुणांस अकरा रुपये बक्षीस, मंडळ त्यांचे आभारी आहे” असे जाहीर करून माइक परत दिला. तोवर गाणे जमीनदोस्त झाले होते. पुढच्या वर्षी आम्ही शहाणे झालो. सेक्रेटरी पायरी चढताना दिसले की ड्रमर झांजा सोडून नुसता ठेका धरी, मी एकच चरण हळू आवाजात घोळवीत राही आणि बक्षीस जाहीर होऊन माइक परत आला की सगळे एकदम मूळ जोरावर येत. हे आम्ही भजनीबुवांकडे पाहूनच उचलले होते, कारण त्यांच्या गजरात अशी व्यत्ययाची सोय पूर्वापार आहे. ही युक्ती जमल्यावर लोकांना वाटू लागले की गाण्याची रचनाच तशी आहे, आणि बक्षिसे वाढली.

त्या भजनीबुवांचे आणि आमचे नाते सांगायला हवे. ते वयाने साठीच्या पुढचे, वाडीत सगळे त्यांना तात्या म्हणत. आमचा सराव शाळेच्या ओसरीवर चाले आणि त्यांचे घर लागून होते. पहिल्या दिवशी ते कुंपणाशी येऊन म्हणाले, “झिलांनो, ह्या गाणा आसा की भांडाण?” आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र पेटी घेऊन आले, माझी सर्वांत जाड तार छेडायला लावली, पेटीवर स्वर जुळवला आणि “पांढरी तीन”, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी, असे म्हणून मान हलवली. त्यांचा स्वतःचा स्वर काळी चार. गाण्याचा एक शब्द कळत नसताना त्यांनी आमचा गायक नेमका कुठे खाली उतरतो ते दाखवून दिले, आणि ते अचूक होते.

एका वर्षी म्हापशाहून ड्रमसेट आलाच नाही. लग्नसराईत बँडवाल्याने तो दुसरीकडे दिला होता. तेव्हा तात्यांनी आपल्या पखवाजवादकाला आमच्याबरोबर बसवले. त्याने डाव्या अंगाला कणीक भरली, थाप मारून पाहिली, थोडी काढली, पुन्हा लावली आणि आमचे चार मात्रांचे ठोके कहरव्याच्या अंगाने असे धरले की ड्रमर स्वतः बाजूला बसून टाळ वाजवू लागला. त्या रात्री रंगमंचाच्या जवळ बसलेल्यांना आमच्या गाण्यात खालचा आवाज कधी नव्हे इतका भरीव ऐकू आला. माझ्या मते आमचे सर्वांत चांगले वादन तेच, आणि त्यात बँडचा म्हणावा असा वाटा निम्माच होता.

त्याच रात्री दिवे गेले. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की दिवे जाणे ठरलेले, आणि एरवीही रात्री विजेचा दाब इतका उतरे की ट्यूबलाइट नुसत्या लुकलुकत. माइकवाल्याने मात्र दशावतारासाठी ट्रकची बारा व्होल्टची बॅटरी तयार ठेवली होती. आहुजाचा ॲम्प्लिफायर तिच्यावरही चालतो. त्याने दोन वायरी अडकवल्या, मंडळाच्या पोरांनी पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आणून मांडवाच्या खांबांना टांगल्या आणि अर्धवट थांबलेले गाणे आम्ही त्या सूं सूं आवाजासकट पुढे नेले. मागे शाळेच्या वर्गात तोंडाला रंग लावून तयार असलेला दशावतारातला राक्षस संकासुर काळा बुरखा हातात घेऊन दारात उभा राहून ऐकत होता.

बंडखोर संगीत म्हणून ज्याची ख्याती, ते कोकणातल्या एका वाडीने इतक्या सहज कसे पचवले, असे मला पुढे अनेकांनी विचारले. मला त्यात नवल वाटत नाही. शिमग्याचा ढोल अंगणात येऊन घुमतो, डबलबारीत दोन बुवा मध्यरात्र उलटली तरी एकमेकांना आव्हान देत गातात, दशावतारातला राक्षस किंकाळी फोडून प्रवेश करतो तेव्हा मांडीवरची पोरे दचकून जागी होतात. अशा प्रेक्षकांना मोठा आवाज, लांबलेली रात्र आणि विचित्र वेश यांचे काय अप्रूप? आम्ही केस वाढवून आणि काळे शर्ट घालून वाडीला धक्का देऊ पाहत होतो, आणि वाडी आमच्याकडे दशावताराचा पूर्वरंग असलेला आडदशावतार आणि त्यानंतरचे आख्यान यांच्या आधीचा आणखी एक प्रवेश म्हणून पाहत होती. तेव्हा याचा मला राग येई. आता वाटते की वाडीचेच बरोबर होते.

बँड मोडला असे कधी झाले नाही; माणसे मार्गी लागत गेली. बासवाला मित्र जहाजावर गेला, ड्रमरने वडिलांची कलमांची बाग सांभाळायला घेतली, मावसभावाला कंपनीत मे महिन्याची रजा मिळेनाशी झाली. मला कुडाळला नोकरी लागली आणि पाठोपाठ स्थळे येऊ लागली. मुलीच्या वडिलांनी “मुलगा काही वाजवतो म्हणे, बेंजो की कॅसिओ?” असे विचारल्यावर आमच्या मध्यस्थ काकांनी क्षणाचाही विलंब न लावता “भजनात साथ करतो” असे सांगून टाकले. पखवाजवाल्या रात्रीचा हिशेब धरला तर ते खोटेही नव्हते. लग्नानंतर पहिल्या मे महिन्यात मी मांडवात गेलो तो मंडळाचा सभासद म्हणून, आणि मला पानसुपारीचे काम मिळाले.

आता आवाजाचे नियम आले आहेत. २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर, बंदी आहे, त्यामुळे कार्यक्रम लवकर सुरू करावा लागतो आणि अर्ध्या तासाच्या त्या जागेवर हल्ली मुले कराओके ट्रॅकवर गातात. बरी गातात. त्यांना बक्षीस जाहीर होताना थांबता येत नाही, ट्रॅक पुढे धावत राहतो, एवढीच अडचण.

आमच्या वादनाचे एकच ध्वनिमुद्रण शिल्लक आहे. माइकवाल्याने एका वर्षी टेप लावून ठेवला होता, पण जाहीर करण्याचा माइक टेपच्या जवळ असल्यामुळे त्यात गाण्यापेक्षा सेक्रेटरींचाच आवाज स्वच्छ आला आहे. मध्यंतरी मंडळाची स्मरणिका काढायचे ठरले आणि समितीतली दोन मुले ती कॅसेट मागायला घरी आली. मी आनंदाने टेपरेकॉर्डर काढून दिला. ती वही उघडून बसली, गाणे सुरू झाले की टेप पुढे पळवायची आणि सेक्रेटरी बोलू लागले की थांबवून लिहून घ्यायची. त्या वर्षीची देणगीदारांची वही पावसात भिजून गेली होती, आणि यादी पुरी करायला दुसरा आधार नव्हता.