कोड शिवल्याने होत नाही हो

आज राजवाड्याजवळ काकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, आमच्या वहिनीच्या बोटांवर कोडाचे पांढरे डाग आहेत तर एका बाईंनी तिने कुंकू लावायला हात पुढे केल्यावर कपाळच मागे घेतलं, इतका राग आला ना मला! काकूंनी लगेच सगळ्यांसमोर तिच्याच हातून कुंकू लावून घेतलं, मानलं त्यांना. अहो कोड शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही, मासे खाऊन दूध प्यायल्यानेही नाही. आपलीच प्रतिकारशक्ती त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करते म्हणून डाग पडतात, मायकल जॅक्सनलाही हेच होतं. मलमं आणि नॅरोबँड यूव्हीबी लाइटने (त्वचेवर ठरावीक अतिनील किरण सोडायचा उपचार) पुष्कळांचा रंग परत येतो, चेहऱ्यावर लवकर, बोटांवर मात्र फार हट्टी. आणि थायरॉइडची तपासणी करवून घ्या, कोडासोबत तो त्रास बऱ्याच जणांना असतो.