दुसऱ्या ताईचा भत्ता

आमच्या संस्थेचं बालसंरक्षण धोरण दोन वर्षं कपाटात पडून होतं. देणगीदारांनी मागितलं म्हणून कुठून तरी उतरवून घेतलेलं, इंग्रजीत, १४ पानी. वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या एकाही ताईने ते वाचलेलं नव्हतं. मीही सही करण्यापुरतंच चाळलं होतं.

मग एका सहलीहून परतताना शेवटची मुलगी टेम्पोवाल्या दादाबरोबर एकटीच घरी गेली. सुखरूप पोचली. पण दुसऱ्या दिवशी तिच्या आईने विचारलं, "ताई, तुम्ही कुठं होता?" माझं घर वाटेत आलं आणि मी उतरले होते.

कपाट उघडलं. मराठीत लिहिताना गाडी अडली ती एकाच वाक्यावर. एक विश्वस्त काका म्हणत होते, "तक्रार आली की आधी आपण शहानिशा करू, मग पोलीस." हेतू वाईट नव्हता, संस्थेचं नाव जपायचं होतं. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा कळला की पोलिसांना कळवावंच लागतं, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा काकांनी चष्मा काढून ठेवला. वाक्य खोडलं.

नंतर रोजचे कागद समोर घेतले. भरतीच्या अर्जात, उमेदवाराच्या आधीच्या दोन ठिकाणी फोन करून विचारल्याची नोंद. किल्लीच्या वहीत 'सोबत कोण' हा रकाना. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. मुलांचे फोटो ताईंच्या स्टेटसवरून काढायला लावले, त्यावर मात्र महिनाभर रुसवेफुगवे.

खरी गोम दाखवली ती आमच्या हिशेबनीसांनी. आधी कुरकुरले, "माझा काय संबंध?" मग म्हणाले, "सहलीला दोन ताया लिहिल्यात, बजेटमध्ये भत्ता एकीचाच आहे. दुसरी काय पदरमोड करून येणार?" आम्हा कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. भत्ता वाढवून घेतला.

यंदा जानेवारीत सहलीच्या आदल्या रात्री दुसरी ताई तापाने फणफणली, बदली कुणी मिळेना. सहल रद्द केली. पोरं रडली, बसचा ॲडव्हान्स बुडाला. हिशेबनीसांनी व्हाउचरवर लिहिलं, 'दुसरी ताई नाही, सहल रद्द', आणि एकही प्रश्न न विचारता ते पास केलं.